लपणाच्या मागच्या वाटेवर

प्रिय ताई,

विमान वर गेलं की तू दुर्बिणीच्या काचा पुसायला घेतेस, म्हणून हे पत्र फडक्याच्या कप्प्यात ठेवलंय. हे लिहितेय तेव्हा तू बाहेरच्या खोलीत फोनवर टॅक्सीवाल्यावर ओरडते आहेस. बॅग नेहमीसारखी मीच भरली. गुडघ्याचा पट्टा उजव्या खणात आहे, गोळ्या डबीत, जळवांसाठीचे लांब मोजे तळाशी. आई आत झोपली आहे. उठल्यावर विचारील, मोठी कुठे गेली, आणि मी सांगेन, कामाला गेली. तीन आठवडे रोज तेच सांगेन, काळजी करू नकोस.

लहानपणी तू तळ्यावर पक्षी बघायला निघालीस की पाण्याची बाटली घेऊन मी मागे. घरात सगळे मला शेपूट म्हणायचे ते त्यामुळेच. मी शिंकले की बगळे उडायचे आणि तू दंडाला असा चिमटा काढायचीस की आठवडाभर डाग राहायचा. मला अजून मोकळेपणी शिंकता येत नाही, बघ. आणि मागच्या वर्षी तू मला परदेशी सहलीला नेलंस! साऱ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंस, बिचारीनं जगात काही पाहिलं नाही, आईच्या उशाशी बसून वाळून गेली, जरा फिरवून आणते. समुद्र दाखवणार होतीस, बाजार दाखवणार होतीस. मी नवीन चपला घेतल्या होत्या, ताई. त्या बॅगेतून बाहेर निघाल्याच नाहीत. रोज पहाटे चारला उठून मी तुझा ट्रायपॉड वाहिला.

तुझ्या त्या निळ्या पक्ष्यापायी. तळव्याएवढा जीव, जमिनीवर चालणारा, वाळकी पानं उलटून किडे टिपणारा. एकोणीस वर्षं तू त्याच्या मागे आहेस. तुझं लग्न मोडलं तेव्हा तू एक दिवस रडलीस. तो अर्ध्या मिनिटानं हुकला तेव्हा आठवडाभर धड जेवली नाहीस. मला तेव्हा त्या पाखराचा हेवा वाटला होता, हे आज लिहून टाकते.

सहाव्या दिवशी सकाळी तू पक्षी बघायच्या त्या कापडी लपणात शिरलीस, झऱ्याकडच्या फटीला डोळे लावून. मी मागच्या उतारावरून तुझं स्टूल आणि थर्मास आणत होते. पाय घसरला. घोट्यातून आलेला आवाज मी ऐकला, तूही ऐकला असणार, दहा-बारा हातांवर तर होतीस. मी हाक मारली, ताई, पाय मोडला गं. तू वळली नाहीस. लपणाच्या मागच्या पडद्यातून फक्त तुझा हात बाहेर आला, पंजा उघडा, गप्प राहा म्हणणारा. तो हात मी ओळखते. मी तोंडात ओढणी कोंबली आणि चिखलात बसून राहिले. चाळीस मिनिटं, ताई, घड्याळ माझ्या हातात होतं. मग गाईड आला, त्यानंच मला पाठीवर घेऊन खाली नेलं, दवाखान्यातही तोच थांबला. दुसऱ्या दिवशी तू परत लपणात गेलीस. म्हणालीस, प्लास्टर काय माझ्या बसण्यानं लवकर वाळणार आहे?

तर त्या चाळीस मिनिटांतली अकरा तुला द्यायची राहिली होती. मी घसरले तेव्हा पानांचा ढीग विस्कटला होता, किडे उघडे पडले होते. ते टिपायला तो आला. माझ्या मोडक्या पायापासून हातभर अंतरावर. तू म्हणशील, या वेडीनं साळुंकी पाहिली असेल. नाही गं. डाव्या पायानं तो आधी पान दाबतो, मग चोचीनं उलटतो. हे तुझ्या एकाही पुस्तकात नाही, मी नंतर सगळी पाहिली. तू झऱ्याकडे बघत होतीस आणि तो तुझ्या पाठीमागे होता. एकदा, नुसती एकदा माझ्याकडे वळली असतीस, तर दोघंही दिसलो असतो. निघताना तू लॉजच्या नोंदवहीत ‘दिसला नाही’ लिहिलंस. त्याच्याखाली मी तारीख, वेळ आणि माझं नाव लिहिलं.

त्या नोंदीमुळेच गाईडनं दोन महिन्यांपूर्वी मला फोनवर निरोप पाठवला. लपणापासून झऱ्यापर्यंतची झाडं तोडली, तिथून रस्ता चाललाय, झरा बुजवला. निळा त्यानंतर कुणालाच दिसलेला नाही. वहीत त्याची शेवटची नोंद माझीच आहे. त्यानं लिहिलं होतं, तुमच्या ताईंना जपून सांगा, त्यांना फार लागेल. त्याच संध्याकाळी तू आनंदानं नाचत आलीस, पुन्हा तिथलीच तिकिटं काढली म्हणून, आणि आईचं बघशील ना असं विचारून उत्तर न ऐकताच नकाशा पसरून बसलीस. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तू नकाशावरून डोळे न काढता हात वर केलास. तोच हात. म्हणून मी दोन महिने गप्प बसले, तुझी बॅग भरली, आणि आता टॅक्सी आली आहे.

तुझीच,
शेपूट