राहिलेली चार पानं

नांदूरघाट

ती. आईस सिंधूचा जयभीम.

मी बरी आहे. टँकर एक दिवसाआड येतो, एकटीला पाणी पुरतं. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

चौथीतली भागू आठवते ना? वर्गाच्या पुस्तकपेटीसाठी बीडहून मी निवडून आणलेलं हरवलेल्या कोकराचं पुस्तक छातीशी धरून फिरायची, ती. दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्यावर ऊसतोडीला निघाली, तेव्हा तिची चार पानं वाचायची राहिली होती. "नेऊ का, बाई?" म्हणाली. पेटीतलं पुस्तक गावाबाहेर न्यायचं नाही, हा माझाच नियम. मी ते काढून घेतलं. ती थांबली होती तिथं खूण म्हणून लिंबाचं पान घालून ठेवलं, कुणाला दिलं नाही.

काल टोळी परतली. भागूची आई दगडाबाई एकटीच शाळेत आली. भागू तिकडं उसाच्या गाडीखाली सापडून गेली.

"पाचटाच्या कोपीत रोज समद्यांना गोष्ट सांगायची," दगडाबाई म्हणाली. "शेवट बाईंकडं हाय म्हणायची. तेवढा वाचून दावा."

मी वाचला. शेवटी कोकरू आईपाशी परत येतं.

दगडाबाई म्हणाली, "आजून येकदा वाचा."

तुझीच,
सिंधू