मामी, हेडचे आटे गेले

ती. मामींना,

दोन्ही हात लांब धरून नमस्कार. (जवळ आणले तर ग्रीस लागेल. कागदाच्या कोपऱ्यावरचा काळा अंगठा माझाच आहे.) तुमची तब्येत, लेकीच्या घरचं नवं अंगण, मामांचा गुडघा आणि त्या गुडघ्यापायी घरच्यांना सोसावा लागणारा मामांचा स्वभाव, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे. माझं काय ते पुढे येईलच. पत्र मुद्दाम तुमच्या एकटीच्या नावानं पाठवतोय. मामांना वाचून दाखवताना कुठे थांबायचं, ते तुम्ही ठरवा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इथून लेकीकडे राहायला जाताना मामांनी मोटारसायकल माझ्या हवाली केली, तेव्हा एकच गोष्ट तीनदा बजावली होती: प्लग आवळताना जोर लावायचा नाही. इंजिनाचं हेड मऊ धातूचं असतं, त्यातले आटे (बाटलीच्या झाकणाला आतून असतात तसल्या गोल रेघा) एकदा गेले की गेले. मी तीनदा मान डोलावली. पण मामी, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. मान डोलावत असताना मी तिथे असतोच असं नाही. त्यातून नोकरी नकाशाच्या कचेरीत. दिवसभर नद्या काढायच्या आणि त्यांच्या काठानं मनातल्या मनात चालत सुटायचं. गेल्या महिन्यात एका रविवारी प्लग साफ करायला काढला. परत बसवताना झाडाची सावली इंजिनाच्या पाकळ्यांवर अशी काही हलायला लागली, की मला ते पाण्याखालचं गाव वाटलं. गल्ल्या, पायऱ्या, छपरं. हात पाना फिरवत राहिला आणि मी त्या गल्ल्यांतून हिंडत राहिलो. भानावर आलो तेव्हा पाना एकदम हलका लागत होता. मला वाटलं, वा, काय छान बसलाय!

चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. पाचव्या दिवशी सकाळी कचेरीला जाताना, पुलानंतरच्या उतारावर, फट्ट असा आवाज झाला, मांडीजवळून काहीतरी शिट्टी घालत गेलं आणि इंजिन गप्प झालं. खोटं कशाला सांगू, पुढचा मिनिटभर फार सुंदर होता. नुसता वारा, चाकांची कुजबुज आणि मी. उतार संपूच नये असं वाटत होतं. पण तो संपला. मग तासभर रस्त्याकडेच्या गवतात रांगत प्लग शोधला. शेवटी करपल्या गवताच्या वासानं सापडला. त्याच्याभोवती एक पिवळीधमक कडी घट्ट बसली होती. जुन्या काळी प्लगला असलं काहीतरी असायचं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी आल्यावर (गाडी ढकलत, कचेरीत पोट बिघडल्याचं कळवलं) मी नळाची पांढरी टेप त्या कडीला गुंडाळली, प्लग दाबून बसवला आणि अंगणातच किक मारली. मामी, वाळत घातलेल्या माझ्या चांगल्या शर्टाच्या पाठीला आता एक गोल भोक आहे. कडा काळ्या, आकार अचूक. हिनं ते भोक डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आता ज्याला कळतं त्याच्याकडे ने." फोनवर तिच्या बहिणीला हिनं "यांच्या हेडचे आटे गेलेत" एवढंच सांगितलं, त्यावर पलीकडून "आत्ता कळलं होय तुला?" असं आलं. हे मला मुद्दाम ऐकवण्यात आलं.

मग मी हेड उतरवलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसनं निघालो. (शेजारच्या बाईंनी तान्हं बाळ समजून सरकून जागा दिली. मी गैरसमज दूर केला नाही.) गिरणीमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे लेथवाले आहेत. कानावर पेन्सिल, समोर सतत फिरणारा लेथ (धातू कातायचं यंत्र), पायाशी धातूच्या किसाचे सोनेरी-रुपेरी ढीग. मला तर तिथेच राहायला जावंसं वाटलं. त्यांनी प्लग हातात घेतला, ती पिवळी कडी नखानं खरवडली, चष्मा लावला आणि लेथ बंद केला.

"ही कडी, हे बुश, कुणी बसवलं, माहितीय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी. हे तीन ठिपके बघ. सैल होऊ नये म्हणून मी पंचानं मारतो. दुसरं कुणी तीन मारत नाही."

मग काम करता करता त्यांनी सांगितलं. छत्तीस वर्षांपूर्वी एक तरुण बाई असंच हेड घेऊन आली होती. नवरा तीन आठवड्यांच्या दौऱ्यावर, गाडी घरात. तिनं ती गुपचूप शिकायला घेतली, प्लग साफ केला आणि भीतीपोटी इतका आवळला की आटे उपसून हातात आले. "हेड कुणी उतरवलं?" विचारलं तर म्हणाली, मीच. "बसवणार कोण?" मीच. नवरा परत यायच्या आत काम हवं, एवढंच मागणं. यांनी भोक मोठं केलं, पितळी बुश बसवलं आणि बुशात आतून प्लगचे आटे पाडले. दोन दिवसांनी ती गाडीवर बसूनच आली. केसांना रुमाल बांधलेला. शेडभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हात हलवून निघून गेली. "हसत होती," म्हातारे म्हणाले. "मी लेथ बंद करून बघत राहिलो. जेवतानासुद्धा बंद करत नाही मी."

मामी, मी नाव विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

झिजलेल्या भोकात आता आणखी जाड बुश बसणार होतं. त्यांनी ते लेथवर कातलं, आणि हेडात आटे पाडायचा दांडा मात्र माझ्या हातात दिला. अर्धा फेर पुढे, पाव फेर मागे, थेंबभर रॉकेल. "घाई नको आणि झोपही नको," म्हणाले. दुपारभर मी तेवढंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात जिथे होते तिथेच मीही होतो. बुश बसलं, तीन ठिपके पडले. घरी येऊन हेड चढवलं, प्लग बोटांनी बसवला, पान्यानं जेमतेम पाव फेर दिला. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. ही खिडकीत आली, आणि वाळत घातलेले कपडे आत घेतल्यावर मगच हसली.

मामांना साष्टांग, मोठ्यांना नमस्कार, छोटीला पापा. कळावे, लोभ आहेच, क्षमाही असावी.

तुमचा भाचा

ता. क. एक सांगायचं राहिलं, खरं तर पत्र त्यासाठीच. गाडी सुरू होते, पण आठवडा झाला, मी ती फाटकाबाहेर नेलेली नाही. धीर होत नाही. पहिली फेरी तुम्ही मारावी. चार दिवस आमच्याकडे या. मामांना काय कारण सांगायचं ते तुम्हाला सुचेलच. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामांचा फोन आला. (हिनं सगळं सांगून टाकलं होतं.) मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "त्या लेथवाल्याकडेच नेलंस ना? तुझ्या मामीचं कामही त्यानंच केलं होतं." दौऱ्यावर जाताना मामा मीटरचा आकडा लिहून ठेवत. परत आले तेव्हा तो अडतीस किलोमीटर पुढे गेलेला, आणि प्लगखाली तीन ठिपक्यांचं नवंकोरं बुश. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. त्यांनी आधी गुडघ्याची तक्रार केली. मग म्हणाले, "वाटलं होतं, कधीतरी मला मागे बसवून नेईल." हे तुम्हाला कळवू नको, असंही बजावलंय. मी तीनदा हो म्हटलं.