अप्पांचं होमपेज

१६ ऑगस्ट १९९९, सोमवार

आठवडाभर इथे काही लिहिलं नाही. क्षमस्व. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी माफी मागायला हवी असं वाटलं. कारणही आहे. गेल्या मंगळवारी सकाळी अप्पा देवळात जातो म्हणून बनशंकरीच्या घरातून निघाले, ते परत आले नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपासून काही आठवत नाही. जेवलात का विचारलं तर ‘सरी’, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’. नाव विचारलं तरी ‘सरी’. चष्मा टीव्हीवर राहिला आहे.

पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. आजपासून रजा घेतली आहे, फक्त शोधासाठी. एक मिनिट वाया घालवायचं नाही.

१७ ऑगस्ट

बायकोने, कौशल्याने, कन्नडमध्ये हँडबिलं छापून आणली. फोटो, वर्णन, फोन नंबर, पत्ता. पत्ता मी काढायला लावला. घरात वयात आलेली मुलगी, आणि पत्ता बसस्टँडच्या भिंतींवर? सज्जन माणूस फोन करेलच. सगळी पुन्हा छापावी लागली.  कौशल्या आणि मुलगी चंदना खळीचा डबा घेऊन बाहेर पडल्या.

मी जाणार होतो. पण भिंत वाचून वाचून किती जण वाचणार? ओळखीच्या त्रिविक्रमला फोन केला. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटर कंपनीत असतो, त्याला यातलं कळतं. म्हणाला, इंटरनेटवर फुकट पान मिळतं, प्रोग्रामिंग लागत नाही, तयार चौकटी उचलून पानावर ठेवायच्या. त्यांना विजेट म्हणतात. संध्याकाळी येऊन त्याने मोडेम जोडून दिला. फोनचीच वायर त्यात जाते, इंटरनेट चालू असेतो फोन लागत नाही.

१९ ऑगस्ट

पान उभं राहिलं. मला हे जमेल असं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

फोटोच्या विजेटला बारा तऱ्हांच्या किनारी आहेत. फुलांची निवडली. कौशल्या मागून बघून म्हणाली, हार तेवढा राहिला. किनार लगेच काढली. मग साधी निळी. मग निळी थंड वाटली म्हणून तपकिरी. दुपार गेली.

सरकत्या पट्टीत ‘अप्पा, घरी या’ घातलं. वेग फार होता, वाचणाऱ्याला धाप लागली असती. तो बेताचा करताना कौशल्या म्हणाली, अहो, त्यांचा चष्मा इथे आहे. ते वाचणार कसे? मी तिला समजावलं, पट्टी अप्पांसाठी नाही, वातावरणासाठी आहे.

२१ ऑगस्ट

भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं विजेट बसवलं. आकडा कुठूनही सुरू करता येतो. पाचशेपासून करावा का? गर्दी दिसली की लोक थांबतात. पण ही फसवणूक नाही का, तीही वडिलांच्या नावाने? बराच वेळ विचार केला. शून्यापासून सुरू केला. आत्ता बरं वाटतं आहे.

कौशल्याचा भाऊ मालोजी मैसूरहून तक्रार करतो, तुमचा फोन सदान्‌कदा एंगेज. आज तो येऊनच धडकला. कौशल्या म्हणाली, स्वल्प मोकळा ठेवा की तो फोन. मी मालोजीला म्हटलं, ज्याला खरं काम आहे तो पुन्हा करेल. तू आलासच ना? मालोजी म्हणाला, भावजी, मला घर माहीत आहे.

२२ ऑगस्ट, रविवार

आकडा सत्तरच्या वर. एका दिवसात! त्या दोघी आज होसूर रस्त्याने अत्तिबेलेपर्यंत भिंतींवर हँडबिलं चिकटवून आल्या. पाय सुजलेत. त्यांना आकडा दाखवला. चंदना बघून आत गेली.

२४ ऑगस्ट

त्रिविक्रमने ऑफिसात पान उघडलं. फोटो ठीक, बाकी सगळी अक्षरं म्हणजे वेडीवाकडी चिन्हं. मी मराठीत लिहिलं होतं, आणि तो मराठी फाँट फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे. मराठीच का? आपल्या वडिलांसाठी परक्या भाषेत हाक मारणं खोटं वाटलं, म्हणून. हेतू शुद्ध होता.

आकड्याचंही त्याने सांगितलं. मी पान उघडलं की तेही मोजलं जातं. म्हणजे सत्तर जण मीच होतो.

आता सगळं इंग्रजीत करायचं, एकेक चौकट उघडून. सकाळपासून रात्रीपर्यंत लाइनवर बसलं तरच आठवड्यात होईल. बसणार. रजा त्यासाठीच आहे.

२८ ऑगस्ट

अभिप्रायाच्या चौकटीत पहिला अभिप्राय. कॅनडाहून. पान छान आहे, माझंही पाहा. त्याचं पान मांजरांचं आहे. पाहिलं, आभार लिहिले. अप्पांबद्दल त्याने काही विचारलं नाही. पण सुरुवात झाली.

कौशल्या हल्ली जेवताना बोलत नाही. काळजीने असेल.

३० ऑगस्ट, सोमवार

दुपारी वीज गेली. कॉम्प्युटर बंद, मोडेम बंद. पाच मिनिटांत फोन वाजला.

अत्तिबेलेजवळच्या मारुतीच्या देवळातले पुजारी, भीमाचार्य. म्हणाले, आठ दिवस तुमचा नंबर फिरवतो आहे. सकाळी एंगेज, दुपारी एंगेज. मनात म्हटलं, घरात एवढी चिंता, सगळे नातेवाईक फोन करत असतील. स्वतः बस धरून आलो असतो, पण हँडबिलावर पत्ता नव्हता.

अप्पा त्यांच्याकडे होते. अंगात ताप होता, तो उतरला. दोन वेळा भात-सारू खात. मारुतीपुढे बसून राहत. काल सकाळी आचार्य पूजेत असताना रस्त्यावर बस थांबली. कंडक्टरने विचारलं, होसूर का अज्जा? अप्पा म्हणाले, सरी. आणि चढले. पानवाल्याने पाहिलं.

पुढचं कुणालाच माहीत नाही.

कौशल्याला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, आठ दिवस? मग टीव्हीवरचा चष्मा पिशवीत टाकला, चंदनाला हाक मारली आणि दोघी होसूरच्या बसला गेल्या. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, नको.

तेही बरोबर आहे. फोनजवळ कुणीतरी हवंच.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, चूक माझी का? दोन्ही बाजूंनी विचार केला. वीज जायला आठवडा लागला, हे माझ्या हातात नव्हतं. तरी नीट झोप येईल असं वाटत नाही.

संध्याकाळी वीज आली.

उद्या: पानावर ‘शेवटचे कुठे दिसले’ या चौकटीत बनशंकरी काढून अत्तिबेले घालणे.