आधी प्लीज, मग उत्तर

१ मार्च, सकाळी ८.१०
प्रश्नपत्रिका हातात पडली. शंभर कोडी, प्रत्येकाचं उत्तर घरातली एखादी वस्तू. वाचनालय दरवर्षी ती हॉस्पिटलच्या मदतीसाठी विकतं. यंदाची मदत पक्षाघाताच्या वॉर्डाला, चाकाच्या खुर्च्यांसाठी. पहिल्या येणाऱ्याचं नाव वाचनालयाच्या फळ्यावर, पितळी अक्षरांत. तिथे सलग सहा वर्षं माझ्या ताईचं नाव आहे. यंदा ताई त्याच वॉर्डात आहे. उजवा हात गेला, बोलणं गेलं.
वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण मैदान मोकळं आहे हे नाकारण्यात काय अर्थ?
संकल्प: पहिला नंबर. आणि रविवारी ताईला भेटून येणं.

२ मार्च
‘उत्तरमित्र’ ग्रुप पुन्हा सुरू केला. ही कोडी गूगलला येत नाहीत, माणसालाच विचारावी लागतात. म्हणून शिष्टाचार हवा. सभासद २१४. अ‍ॅडमिन मी. तीस वर्षं तक्रार विभागात काढली. माणसाने कसं मागावं हे मला कोणी शिकवू नये.
नियम टाकले, चौदा. आधी ‘प्लीज’. मग आपण काय विचार केला ते, पूर्ण वाक्यांत. थेट उत्तर मागायचं नाही, दिशा मागायची. शेवटी धन्यवाद. खासगी मेसेज बंद.
आठ जणांनी अंगठा दाखवला. वर केलेला.

४ मार्च
५२ कोडी सुटली. ही म्हणाली, अहो, इतक्या वेळात घरातल्या शंभर वस्तू पुसून झाल्या असत्या. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, दुपारी
एकाने विचारलं, ‘५७ काय?’ बस, एवढंच. प्लीज नाही, काही नाही. लोकांना लाज कशी वाटत नाही!
५७ वं कोडं: ‘सगळे हात लावतात, कोणी हात देत नाही.’ उत्तर दाराची कडी. मला दोन मिनिटांत आलं होतं. त्याला ‘जिन्याचा कठडा’ असं कळवलं. ही माझी नवी पद्धत. नियम मोडणाऱ्याला रागवायचं नाही, काढायचंही नाही. शांतपणे चुकीचं उत्तर द्यायचं. शिस्तही लागते आणि स्पर्धाही थोडी विरळ होते. अर्थात स्पर्धेचा विचार मनात नव्हता.

८ मार्च, रविवार
हॉस्पिटलला जायचं होतं. नेमका ग्रुपवर वाद पेटला. ‘प्लीज’ऐवजी हात जोडलेलं चित्र चालेल का? तीन तास गेले. चालणार नाही असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. नियम आता एकोणीस. सभासद १७१.
ही एकटीच जाऊन आली. म्हणाली, ताई डाव्या हाताने मोबाईल वापरायला शिकतायत. नर्स फार चांगली आहे. वस्तू समोर दिसते पण नाव आठवत नाही, असं डॉक्टर म्हणाले.
ताईला आणि नाव आठवत नाही! जिने लहानपणी मला शब्दांच्या खेळात एकदाही जिंकू दिलं नाही.

११ मार्च
ताई ग्रुपमध्ये आली. आली ती थेट माझ्या खासगीत. नियम चौदा मोडला.
‘बाळ. १८. काय.’
अठरावं कोडं: ‘पोट भरलं की बाहेर काढतात, रिकामं झालं की आत घेतात.’ कचऱ्याची बादली. शेंबडं पोरही सांगेल. प्लीज नाही, पूर्ण वाक्य नाही. सहा वर्षांची विजेती मला, म्हणजे अ‍ॅडमिनला, अशा सुरात विचारते!
ग्रुपमध्ये नाती नसतात. सगळ्यांना एकच न्याय. ‘सूटकेस’ असं कळवलं.
तिने अंगठा पाठवला. धन्यवाद नाही.

१२ मार्च
जरा टोचत होतं. मग विचार केला. ताईला बादली येत नाही यावर कोण विश्वास ठेवील? ती मला जोखते आहे. मी किती पाण्यात आहे ते बघते आहे. पहिल्यापासूनची सवय.
झोप चांगली लागली.

१५ मार्च, रविवार
आज नक्की जाणार होतो. सकाळी घसा खवखवला. आजाऱ्याजवळ खवखवता घसा घेऊन जाणं हा अडाणीपणा. ही गेली.
८८ सुटली. सभासद १०३. कचरा आपोआप गळतोय.

१७ मार्च
पुन्हा ताई. ७१ वं: ‘घर झोपलं तरी हा गुणगुणतो, दार उघडलं की उजेड पाडतो.’ फ्रिज.
तिने लिहिलं, ‘पांढरं. दार. दूध ठेवतो. नाव?’
काय विचार केला ते लिहिलंय हे मान्य. पण तुटक. नियम दोन स्पष्ट आहे, पूर्ण वाक्यं हवीत. आज ताईला सूट दिली तर उद्या सगळे तुटक लिहितील.
‘पंखा’ असं कळवलं.
बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत होतं. शेवटी आलं, ‘नक्की?’
मी लिहिलं, नक्की. अ‍ॅडमिनवर अविश्वास दाखवायचा नाही, हा आता नियम तेवीस.

१९ मार्च
माझी बारा अडली. स्वतःच्या ग्रुपमध्ये विचारणं शोभत नाही. लोक काय म्हणतील? म्हणून दुसऱ्या एका ग्रुपमध्ये ‘नवशिकी’ या नावाने गेलो. बाईच्या नावाला लोक लवकर मदत करतात.
बाराही एकदम विचारली. कोणीतरी उत्तर दिलं, ताई, आधी नियम वाचा. खाली माझेच एकोणीस नियम चिकटवलेले, अक्षर न् अक्षर! वर टीप: हे कुणा चक्रमाने लिहिलेत, पण कामाचे आहेत.
नावाचा उल्लेख नाही. उचलेगिरीचा निषेध मनातल्या मनात नोंदवला. बाराही वेळा प्लीज लिहिलं. तीनच उत्तरं मिळाली.

२२ मार्च, रविवार
हॉस्पिटल राहिलं. कारण गंभीर.
त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये ५७ चा विषय निघाला होता. पाच जणांनी लिहिलं, ‘जिन्याचा कठडा’. पाच वेगवेगळी माणसं! आता ते उत्तर मीच गंमत म्हणून काढलेलं. पण पाच जण स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचत असतील तर? म्हणजे गमतीगमतीतसुद्धा माझ्या तोंडून बरोबर तेच निघालं. काही माणसांचं असतं असं.
‘दाराची कडी’ खोडली. ‘जिन्याचा कठडा’ लिहिलं. शाईने.

२४ मार्च
ताईने ५७ विचारलं. आज पहिल्यांदाच ओळीच्या शेवटी ‘प्लीज’ होतं. म्हणजे माझ्या शिस्तीचा गुण येतोय.
तिला कठडाच कळवला. यावेळी अगदी सद्भावनेने. हे मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो.

२९ मार्च, रविवार
पत्रिका दोन दिवस आधीच वाचनालयात दिली. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग म्हणाल्या, असू दे, निकालाला कळेलच.
नजरेत आदर होता.
येताना हॉस्पिटलवरूनच आलो. भेटायची वेळ संपायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत काय भेटणार? वरची खिडकी बघितली. कोणती ती माहीत नव्हती.

५ एप्रिल, रविवार
भाषणाचा मसुदा. पहिल्या वाक्यात ताईचा उल्लेख करायचं ठरवलं. मनाचा मोठेपणा दिसतो.
ग्रुपमध्ये सभासद १९. त्यातला एक मीच, नवशिकी म्हणून. हॉस्पिटल निकालानंतर, पेढा घेऊनच.

१२ एप्रिल, सकाळी ११
ग्रंथपाल बाईंचा फोन. अभिनंदन, दुसरे आलात.
मी विचारलं, किती गुण? त्या म्हणाल्या, कोणत्या पत्रिकेचे? तुमच्या नावाने दोन आल्यात. जास्त गुणांची धरायची असा नियम आहे. एक ८६, ती तुमच्या हातची. दुसरी ९७, हॉस्पिटलमधून आलेली. पहिल्या आलेल्या शिंपीबाईंना ९८.
मी म्हटलं, दुसरी माझी नाही. त्या म्हणाल्या, अहो, नाव-पत्ता तुमचाच आहे, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मग म्हणाल्या, फळ्यावर फक्त पहिलं नाव लागतं, तेवढं माफ करा.

दुपारी १
हिने नर्सला फोन लावला. स्पीकरवर. नर्स म्हणाली, हो, मीच लिहिली. आजी बोट ठेवायच्या, खुणा करायच्या, चित्रं काढायच्या. मी शब्द म्हणून दाखवायचे, बरोबर आला की मान हलवायच्या. रोज तास तास चालायचं. तीनच अडली, तर मोबाईलवर टाईप करून दाखवलं, भावाला विचारते, तो यातला जाणकार आहे. एका कोड्याला मी म्हटलं सुद्धा, आजी, हा फ्रिज असणार. तर जाम ऐकेनात. भावाचा मेसेज दाखवला आणि पंखाच लिहायला लावलं. नाव टाकायची वेळ आली तर भावाचंच सांगितलं. म्हणजे लिहून दाखवलं, की माझं पुष्कळदा लागलंय, यंदा बाळचं लागू दे.
हिने फोन ठेवला आणि आत गेली.

दुपारी २.३०
हिशोब करून बघितला. १८, ५७, ७१. सत्त्याण्णव आणि तीन, शंभर. पुन्हा करून बघितला. तेवढेच येतात.

दुपारी ४
ताईचा मेसेज. आजवरचा सगळ्यात लांब.
‘बाळ. सॉरी. तुझी उत्तरं बरोबर. मी लिहायला सांगताना चुकले. डोकं चालत नाही. तुझा नंबर गेला. रागावू नको प्लीज.’
लिहिलं, ताई, चूक तुझी नाही. खोडलं. लिहिलं, ताई, मीच. खोडलं. तिला आत्ता धक्का बसणं बरं नाही, डॉक्टरसुद्धा हेच म्हणतील. ‘हरकत नाही’ असं पाठवलं.
लगेच ‘टायपिंग’ दिसायला लागलं. दहा मिनिटांनी आलं, ‘थँक्यू बाळ.’

संध्याकाळी ६
ही बाहेर आली. विचारलं, ताईंचा मेसेज होता ना? काय म्हणतात?
मी म्हटलं, माफी मागत होती.
ही म्हणाली, कशाची?