मागच्या दाराची अट

मी, विद्यापीठाच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे लेथ चालवून निवृत्त झालेला कारागीर, वय सहासष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके तापलेले आहे, पण त्याने कायद्याला बाध येत नाही, असे वकील म्हणाले.

१. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर धाकट्या बहिणीला. तिचे पाय नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती जिना उतरते ती दवाखान्यापुरती, तीही चौघांच्या हातांवर.

२. तिच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी कार्यशाळेत जिना चढउतार करणारी खुर्ची बनवली. खुर्ची चालली. मग मी ती विभागप्रमुखांना दाखवली आणि तिथेच फसलो. फोटो निघाले, अहवाल छापला, साहेब परदेशी परिषदेला जाऊन आले. खुर्ची 'सामाजिक नवोन्मेष केंद्रा'च्या काचेच्या कपाटात गेली. ती बाहेर काढावी की नाही, यावर समिती सात वर्षे बसली आहे. खुर्चीत मात्र कोणीच बसलेले नाही.

३. ते कपाट आहे तिथे पूर्वी कार्यशाळेचे मागचे दार होते, थेट रस्त्यावर उघडणारे. शिंपीण मशीनचे मोडके पायडल घेऊन यायची, भाजीवाला गाडीचे चाक. "मास्तर, एवढं बघा ना!" विद्यार्थी डोके लावायचे. त्या चाकावरून सुचून त्यांच्यातल्याच एका पोरीने पुढे चाकांचा कारखाना काढला. आज तीस घरे त्यावर चालतात. समाजासाठी केंद्र बांधताना या शहाण्यांनी समाज यायचे दारच विटांनी बुजवले. कपाळ बडवून घ्यावे की काय करावे!

४. माझी शिल्लक विद्यापीठाला, कारण मला हात तिथेच मिळाले. अट एकच: ते दार फोडून आठवड्यातून दोन दुपारी उघडे ठेवावे. वर्षभरात न उघडल्यास सर्व रक्कम कोपऱ्यावरच्या वेल्डरला. माझ्या नावाची पाटी लावल्यासही त्यालाच.

५. हत्यारे आणि खुर्चीचे आराखडे वेल्डरला. माझा व्हर्निअर विभागप्रमुखांकडे आहे. "देतो की" म्हणून अकरा वर्षे झाली. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा, निदान काहीतरी मोजतील.

६. इथवरचे धाकटीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा, आराखडे तुझे, हात तुझे. सात वर्षं तू कुणाची परवानगी मागत होतास?"

तिचे खरे आहे. विद्यापीठाला शिव्या घालत बसणे मलाही सोयीचे पडले होते, हे लिहिताना लाज वाटते. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता आराखडे आज, ७ जानेवारीस, वेल्डरकडे दिले. या कागदावर सही मात्र त्याच्याकडून नवी खुर्ची तयार झाल्यावरच करीन.

साक्षीदार: दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका, तळमजल्यावरचे औषधविक्रेते. दोघांनी माझ्या समक्ष सह्या केल्या.

दिनांक: २३ फेब्रुवारी.

स्थळ: इमारतीच्या दारासमोरचा फुटपाथ. धाकटी शेजारी खुर्चीत बसून म्हणते आहे, "दादा, आटप की! मला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचंय."

(सही)