तिचं पाणी

माय, आज नळ आला. आठवडाभरानं आला, आणि हंडे, बादल्या, टाकी असं सगळं भरून झाल्यावर सवयीनं मी तो पितळी तांब्याही भरला. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. लातूरचा हा नळ मात्र तसाच आहे, आणि तांब्याची जागाही तीच, तुझ्या खाटेच्या उशाशी. खाट रिकामी असते.

तांब्या कुणासाठी, हे आपल्या घरात कुणी विचारायचं नाही. भूकंप झाला तेव्हा मी कंधारला मावशीकडे होते. औशाकडचं आपलं दगडमातीचं घर पडलं, त्यात अण्णा गेले. तुला लोकांनी बाहेर ओढलं. माझी धाकटी बहीण खालीच राहिली, आणि दुपारपर्यंत तिचा आवाज येत होता. "माय, पाणी." एवढंच. तू नुसत्या हातांनी दगड उपसत होतीस. मग आवाज थांबला. हे तू मला एकदाच सांगितलंस, भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे अजून ठरवता येत नाही.

कॉलेजात असताना एकदा अहमदपूरहून भर उन्हात एसटीनं आले आणि तहानेच्या भरात, विसरून, तो तांब्या तोंडाला लावला. तू हातातून हिसकावलास. "उष्टं केलंस न्हवं! आता ती काय पिईल?" तुझा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पुढे तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा तांब्याही आला. तुझे जावई थट्टा करायचे, "मामी, आम्हाला नळ आठवड्याला, अन् तुमच्या पाहुणीला रोज ताजं पाणी?" तू चष्मा पुसत म्हणालीस, "पाहुणी न्हाई, जावईबापू. घरचीच हाय. लाजती तुमाला." ते हसले. पण तुझ्या खोलीत दुपारचं आडवं होणं त्यांनी सोडलं.

शेवटच्या उन्हाळ्यात तांब्यातलं पाणी उतरायला लागलं. सकाळी काठोकाठ भरलेला, दुपारी चार बोटं कमी. मी तो कोरड्या कागदावर ठेवून पाहिला, गळत नव्हता. उन्हानं आटतं म्हणावं, तर वर झाकण. तूच पीत असशील, असं मी डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. तुला कुशीवर वळवायलाही दोघं लागायची.

मग तू पाणी घेणंच बंद केलंस. डॉक्टर म्हणाले, चमच्या-चमच्यानं देत राहा. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, आणि चमचा जवळ नेला की तू दात आवळतेस.

"मला नगं. आदी तिला दे."

"दिलंय की, माय."

"पिली का?"

ऐन दुपार आहे. गल्लीत चिटपाखरू नाही. तू तहानलेली जाणार, ही एकच भीती मला खाते आहे. खोटं बोलायचं ठरवून मी म्हणते, "पिली." आणि तुला दाखवायला तांब्या उचलते, आतलं पाणी दिसणार नाही असा तिरका धरायचा, एवढाच विचार. तांब्या हलका लागतो. मी तो उलटा करते. थेंबही पडत नाही. सकाळी मीच भरला होता.

तू बघतेस, आणि तोंड उघडतेस. माठातलं पाणी मी चमच्यानं देते, मग वाटीच ओठांना लावते. "गार हाय," तू म्हणतेस. "लई येळ लावला गं तिनं."

संध्याकाळी तू गेलीस.

त्यानंतर तांब्या एकदाही उतरलेला नाही. रोज झाकण काढून बघते, रोज भरलेला. घाबरायचं ते तेव्हाच घाबरून झालं. आता भरलेलाच बघवत नाही. तुम्हा दोघींची तहान भागली, याचं समाधान वाटायला हवं. वाटतंही. पण खरं सांगू, दोघी गेलात आणि मी पुन्हा एकदा कंधारलाच राहिले.

हे पत्र वहीतच राहील, टपालात टाकणार कुठे. एवढं मात्र सांगते. मघाशी तांब्या उशाशी ठेवण्याआधी त्यातलं घोटभर पाणी मी प्यायले, तोंड लावून. या वेळी विसरून नाही. मग खाटेवर बसून राहिले बराच वेळ, तू ओरडशील म्हणून.