सदऱ्यातला फोटो

बा, तुझा फोटो सापडला. तू सांगायचास तसा खरंच पेपरात आला होता. इथं दिल्लीत मी ज्या विद्यापीठात कामाला आहे, तिथं जुने पेपर आणि फोटो जपून ठेवतात, खोल्याच्या खोल्या भरल्यात. मी धूळ झाडतो, डांबरगोळ्या बदलतो, बाबू मागतील तो गठ्ठा खाली काढून देतो. कागदाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायला लावतात. ज्या कागदावर तुझा फोटो छापलाय त्याची ही बडदास्त. तुझ्या अंगावर गवताच्या गासड्या कोसळल्या तेव्हा मात्र वखारीतून तुला दवाखान्यात न्यायला साधी बैलगाडी सुटली नव्हती.

फोटोचा दिवस मला लख्ख आठवतो. तलासरीकडून गवताच्या गाड्या येतायत, डहाणूच्या वखारीत गवत दाबून गासड्या बांधल्या जातायत. आदल्या दिवशी मुकादम सांगून गेलेला, मुंबईचा पेपरवाला येणार, फोटो काढणार. फोटो म्हणजे लग्नातला, एवढंच आपल्याला ठाऊक. म्हणून आईनं वरोरच्या लग्नासाठी शिवून ठेवलेला पांढरा सदरा बाहेर काढला, कॉलरच्या आतून कुंकवाचं बोट लावलं, आणि तू त्याची घडी मोडून गवत दाबायला निघालास. तुझी भाकरी घेऊन मी मागे. तुला बघून मुकादमाला हसू आवरेना. "काय रे नवरदेवा, वऱ्हाड कुठं ठेवलंस?" पेपरवाला हसला नाही. तो म्हणाला, "सदरा काढ. मला मजूर पाहिजे." तू म्हणालास, "साहेब, मजूरच आहे मी." तो म्हणाला, "दिसत नाहीस ना." मग तू सदरा काढलास, पुन्हा घडी घातलीस आणि माझ्याकडे दिलास. "खाली ठेवू नको हां, कुसळं चिकटतील." संध्याकाळी आई दारातच उभी. "सदऱ्यातच काढला ना?" "मग! कॉलरसकट आला असेल." माझ्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस. त्यानंतर पाड्यावर ज्याला त्याला तेच सांगत राहिलास, आणि गेलास तेव्हा आईनं तोच सदरा तुझ्या अंगात घातला. आता घरात ना सदरा, ना तुझं एखादं चित्र. गुरुजींकडून लिहून घेतलेल्या तिच्या प्रत्येक कार्डात शेवटी मला तेच असतं, "तुझ्या कचेरीत सगळे पेपर ठेवतात म्हणे, बाचा सदऱ्यातला फोटो शोध आणि पाठव."

शोधला. तू उघडा आहेस, कमरेला फडका, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. बाबूंना विचारलं तर म्हणाले, "लिखा है, खुशहाल मजदूर, कल की ओर देखता हुआ." नाव नाही. मुकादमाचंही नाही, तेवढंच समाधान. मी परत परत बघितलं. तू खरंच कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, बाजूला बघतोयस. त्या बाजूला उद्याबिद्या काही नव्हता, बा. तिथं मी होतो, भाकरीचं फडकं एका हातात, सदरा दुसऱ्या हातात, आणि तो गवतात पडतो की काय म्हणून तुझा जीव खालीवर होत होता. इथं पोरं येतात, वहीत काहीबाही उतरवून घेतात, तुझ्या त्या नजरेला आशा म्हणतात. मी गठ्ठा उचलून पुन्हा वर ठेवतो. बाबूंनी विचारलं, "जानते हो इसे?" मी म्हटलं, "हमारे उधर का है."

नक्कल मिळते म्हणाले, पण मी मागितली नाही. ती आईच्या हातात कशी देऊ? हे पत्र तर कुठं टाकायचं तेच कळत नाही, गादीखाली राहील. आईला मात्र कार्ड टाकलं. फोटो सापडला, सरकारी आहे म्हणून पाठवता येत नाही, सदरा उठून दिसतो. कुंकवाचं बोट तेवढं दिसत नाही, असंही लिहिलं, म्हणजे तिला खरं वाटेल.